फ्रेंच चॉकलेट कंपन्यांची जुनी जाहिरात-कार्डं: अस्सल कशी ओळखायची, अल्बममधून सोडवायची का, कोकणात टिकवायची कशी?

कागदी_होडी

फ्रेंच चॉकलेटवाले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वड्यांसोबत जी रंगीत चित्रं द्यायचे (तिकडे त्यांना क्रोमो म्हणतात), त्यांचा संग्रह सुरू करायचा आहे. एका फ्रेंच विक्रेत्याकडे 40 कार्डांचा गठ्ठा आहे. 22 गेरँ-बुत्रों कंपनीची, 8 पुलँ कंपनीची आणि उरलेल्या 10 कार्डांच्या पाठी कोऱ्या. गेरँ-बुत्रोंपैकी 12 कार्डं अजून जुन्या अल्बमच्या पानांवर चिकटलेलीच आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं:

मूळ छपाई आणि अलीकडचं पुनर्मुद्रण यांतला फरक कसा ओळखायचा? या गठ्ठ्यातलं एक चित्र दुसऱ्या विक्रेत्याकडे वेगळ्याच कंपनीच्या नावाने दिसलं, मग त्यांतलं एक नक्कल समजायचं का? कोऱ्या पाठीची कार्डं घ्यावीत का? चिकटलेली कार्डं तिकिटांसारखी कोमट पाण्यात टाकून सोडवली तर चालतील का? आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात हे सगळं ठेवायचं कसं?

हिंदुस्थानची चित्रं असलेली कार्डं मिळाली तर विशेष हवी आहेत.

---

शिळाछाप

आधी छपाईचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

ही कार्डं रंगीत शिळाछापाची आहेत. गोदफ्रुआ आँगेलमान यांनी 1837 मध्ये फ्रान्समध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. दगडावर कारागीर तेलकट शाईने हाताने ठिपके आणि रेघा काढतो, आणि एकच कागद क्रमाने एकेका दगडावर दाबला जातो. चांगल्या कार्डाला आठ-दहा किंवा त्याहून जास्त दगड सहज लागलेले असतात. आपल्याकडे पुण्याची चित्रशाळा किंवा रविवर्मा प्रेसची जुनी देवादिकांची चित्रं कुणी भिंगातून पाहिली असतील तर त्याला हे काम लगेच ओळखू येईल.

10 पटीचं भिंग घ्या आणि चेहऱ्याचा गाल बघा. अस्सल कार्डात गालावर गुलाबी, निळसर, करडे ठिपके दिसतील. ते लहानमोठे, थोडे वाकडेतिकडे, हाताने टाकलेले असतात, आणि गडद भागात सपाट रंगाचे अखंड थर असतात. आधुनिक ऑफसेटच्या नकलेत चारच रंगांचे ठिपके ठरावीक अंतरावर, जाळीसारखे बसलेले आणि जागोजागी फुलाच्या आकाराची गुंफण झालेले असतात. इंकजेटच्या नकलेत बारीक फवारा दिसतो. एक सावधगिरी: त्या काळात छायेसाठी तयार जाळीचे पडदेही वापरत, त्यामुळे अस्सल कार्डातही एखाद्या कोपऱ्यात एकसारखे ठिपके सापडतात. पण ते एकाच रंगाचे आणि तेवढ्याच तुकड्यापुरते असतात. संपूर्ण चित्र जाळीचं असेल, चेहरासुद्धा, तर ते कार्ड बाजूला ठेवा.

दुसरी खूण सोन्याची. 1880 च्या दशकात सोनेरी पार्श्वभूमीची कार्डं फार लोकप्रिय होती. त्यांत चिकट थरावर पितळेची पूड भुरभुरलेली असते. कार्ड दिव्याखाली तिरकं केलं की ती धातूसारखी चमकते, आणि काळाच्या ओघात कडेला तपकिरी किंवा हिरवट पडलेली असते. नकलेत सोनं म्हणजे पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांचा नुसता भास असतो, तिरकं करून काहीच बदलत नाही.

तिसरी खूण कागदाची. साधारण 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत शुभ्रता वाढवणारी रसायनं असतात आणि ती अतिनील दिव्यात निळसर-पांढरी झगमगतात. शंभर वर्षांपूर्वीचा कागद मंद, पिवळसर राहतो. कागद झगमगला तर नक्कल नक्की समजा. झगमगला नाही म्हणून मात्र अस्सल ठरत नाही, कारण रसायनाशिवायचा कागद आजही मिळतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. फेलिक्स पोतँ या पॅरिसच्या किराणा पेढीने नामवंतांच्या सुमारे 500 चित्रांचा जो प्रसिद्ध संच काढला, ती शिळाछापाची कार्डं नव्हेत, खरे छोटे फोटो आहेत. भिंगात ठिपकेच दिसणार नाहीत. त्यांना शिळाछापाच्या खुणा लावून नकली ठरवू नका.

---

पाठपोट

एकच चित्र, दोन कंपन्या: दोन्ही अस्सल असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. ही गोष्ट समजल्याशिवाय या छंदात पाऊल टाकू नये असं मी म्हणेन.

शाँपनुआ, आपेल, तेस्त्यु-मासँ, व्हाले-मिनो, कुर्ब-रुझे असे छापखाने तयार चित्रांचे संच छापून ठेवत. पुढच्या बाजूला एक चौकट किंवा आकाशाचा तुकडा मोकळा सोडलेला असे, पाठ कोरी असे. चॉकलेटवाला, साबणवाला, कापडवाला, गावचा वाणी, ज्याला हवं तो हजारभर कार्डं घेई आणि आपलं नाव मागाहून छापून घेई. म्हणून हवेत उडणाऱ्या मुलांच्या त्याच चित्राच्या पाठीवर एकदा चॉकलेटवाल्याचं नाव असतं आणि एकदा चिकोरीवाल्याचं (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळायची मुळांची पूड). मोठ्या कंपन्या मात्र स्वतःसाठी खास चित्रं काढून घेत. त्यांत कंपनीचं नाव चित्राच्याच दगडावर काढलेलं असतं, म्हणजे ते चित्राच्या रंगातच, चित्राच्या रचनेत बसवलेलं दिसतं. मागाहून छापलेलं नाव बहुधा काळ्या किंवा एकाच रंगाच्या, खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या टाइपांच्या) अक्षरात असतं आणि तिरक्या उजेडात त्याचा किंचित दाब कागदात जाणवतो.

तर कोऱ्या पाठीची 10 कार्डं, पुढेही कंपनीचं नाव नसेल तर, म्हणजे बहुधा छापखान्याचा न विकला गेलेला माल किंवा नमुने. चित्र म्हणून सुंदर, पण चॉकलेटची कार्डं नव्हेत. चॉकलेटचा संग्रह करायचा तर त्यांना निम्म्याहून कमी किंमत द्या. आणि अशा कोऱ्या पाठीवर कुणी नंतर दुर्मीळ कंपनीचा शिक्का मारला असेल तर? खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबून जाड झालेली असते. रबरी शिक्क्यात ती पसरलेली, मधे विरळ असते. शंका आली की त्याच कंपनीच्या दुसऱ्या कार्डाची पाठ शेजारी ठेवून अक्षरांचा आकार जुळवा.

आता काळ ठरवणं. पुढची बाजू नंतर बघा, आधी पाठ वाचा. चॉकलेटवाल्यांना पदकांचा फार अभिमान, ते सगळी छापत. पॅरिसची जागतिक प्रदर्शनं 1855, 1867, 1878, 1889 आणि 1900 ला भरली. शेवटचं पदक 1878 चं असेल तर कार्ड बहुधा 1878 ते 1889 मधलं, 1889 चं असेल तर त्यानंतरचं. ‘ऑर कोंकूर’ असं लिहिलेलं असेल तर कंपनी स्पर्धेबाहेर होती, बहुतेकदा मालक स्वतः परीक्षक मंडळावर असल्यामुळे. त्याचंही वर्ष शेजारी असतं. पदक फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतं, कारण जुना छापील साठा पुढे वर्षानुवर्षं वापरला जाई. मग चित्राकडे वळा. आयफेल टॉवर असेल तर 1889 च्या आसपासचं किंवा पुढचं, कारण बांधकामच 1887 ला सुरू झालं. पुढचं चाक प्रचंड मोठं असलेली सायकल दिसली तर 1890 च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त. बायकांच्या झग्याच्या बाह्या फुग्यासारख्या असतील तर 1895 च्या आगेमागे. रशियाच्या झारचं पॅरिसमध्ये स्वागत असेल तर 1896.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. पुलँ म्हणजे ब्लुआ गावची, व्हिक्तोर-ऑग्युस्त पुलँ यांनी 1848 मध्ये सुरू केलेली कंपनी. तिची कार्डं उदंड, नवशिक्याला उत्तम. गेरँ-बुत्रों पॅरिसची, सोनेरी पार्श्वभूमीची देखणी कार्डं आणि शास्त्रज्ञ-संशोधकांचे क्रमांकित संच यांसाठी नावाजलेली. मेनिएचा कारखाना न्वाझिएलला, पण तिचं नाव लोकांना आठवतं ते भिंतीवर लिहिणाऱ्या छोट्या मुलीच्या, चित्रकार फिर्मँ बुइसेने काढलेल्या चित्रामुळे. एगबेल हा द्रोम प्रांतातल्या त्रापिस्त (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) मठाचा कारखाना. लोंबारने 1912 च्या सुमारास ‘सन 2012’ कसं असेल याची सहा कार्डं काढली, ती आज सहज हाती लागत नाहीत. सेंत-एतिएनच्या प्युपिएने 1930 च्या दशकात जगातल्या एकेका खंडाचे अल्बम काढले, पण तोवर शिळाछापाचा बहर ओसरला होता आणि ती चित्रं मला स्वतःला नीरस वाटतात.

शिवाय पॅरिसचं बों मार्शे हे मोठं दुकान. ते चॉकलेटवालं नाही, पण मुलांना चित्रं वाटायची प्रथा त्यानेच रुजवली आणि त्याची कार्डं चॉकलेटच्या गठ्ठ्यात हमखास मिसळलेली येतात. पाठ वाचली की कळतं.

तयार चित्रांचे संच बहुतेक 6 किंवा 12 चे. सुटं, लहान मुलांच्या खेळाचं नेहमीचं कार्ड एक-दोन युरोला मिळायला हवं. संच पुरा, फुगे-विमानं-सायकल असे विषय, उजेडासमोर धरल्यावर लपलेलं चित्र दिसणारी किंवा ओढून हलणारी कार्डं, यांची किंमत झपाट्याने वाढते. पाठ फाटलेली असेल तर पुढची बाजू कितीही ताजी असो, अर्धीच किंमत समजा.

---

टिपकागद

पाण्याबद्दल: कोमट पाण्यात टाकू नका. तिकिटांची रीत इथे चालत नाही.

शिळाछापाची शाई तेलकट असते, ती पाण्याने सहसा उतरत नाही, हे खरं. पण कार्डावर शाईखेरीज बरंच काही असतं. चकाकी येण्यासाठी जिलेटिन किंवा डिंकाचा थर दिलेला असतो. तो पाण्यात चिकट होतो आणि वाळताना टिपकागदालाच धरून बसतो. सोनेरी पूड ज्या थरावर बसली आहे तो सुटला की सोनं तरंगायला लागतं. पाठीवरच्या दुकानदाराच्या जांभळ्या शिक्क्याची शाई पाण्यात विरघळून सगळ्या कार्डभर पसरते. उठावाची नक्षी सपाट होते ती कायमची. आणि पुठ्ठा दोन-तीन कागदांचे थर चिकटवून केलेला असेल तर पापुद्रे सुटतात.

त्याआधीचा प्रश्न: सोडवायलाच हवीत का? अल्बम कंपनीनेच काढलेला, चौकटी छापलेला असेल, किंवा एखाद्या मुलाने हौसेने विषयवार लावलेला असेल, तर तो तसाच राहू द्या. कार्डं कशी जमवली जात याचा तो पुरावा आहे. पानं तुकडे पडण्याइतकी ठिसूळ झाली असतील, किंवा तपकिरी आम्लधर्मी पानांचा डाग कार्डात उतरत असेल, तरच हात लावा.

सोडवायचंच ठरलं तर:

पान कार्डांच्या मधून कापून प्रत्येक कार्ड त्याच्या पानाच्या तुकड्यासह वेगळं करा. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओला करून पिळलेला टिपकागद ठेवा, त्यावर दोन बोटं उंच जाळी, जाळीवर कार्ड पालथं. पाण्याचा कार्डाला स्पर्श होता कामा नये, फक्त दमट हवा लागली पाहिजे. झाकण लावून दर अर्ध्या तासाने बघा. साधारण दोन ते चार तासांत पानाचा कागद मऊ पडतो. पावसाळ्यात हे काम रात्रभर सोडून देऊ नका, बुरशी धरते.

मग कार्ड पालथं सपाट टेबलावर, खाली स्वच्छ कागद. आणि पान कार्डापासून सोलायचं, कार्ड पानापासून नाही. कार्ड टेबलाला टेकलेलं राहतं, वाकतो तो पानाचा कागद. तो जवळजवळ स्वतःवरच दुमडत, अगदी कमी उंचीने मागे ओढत न्या. कार्ड वाकवलं तर रंगाच्या थराला बारीक तडे जातात आणि ते परत बुजत नाहीत. कुठे अडलं तर ओढू नका, पुन्हा डब्यात अर्धा तास.

पाठीवर राहिलेल्या कागदाच्या आणि खळीच्या पुटांसाठी मिथाइल सेल्युलोजचा (पाण्यात फुगून जेलीसारखी होणारी पूड) लेप: 100 मिली पाण्याला 4 ग्रॅम. पूड आधी एक तृतीयांश गरम पाण्यात ढवळून भिजवा, मग उरलेलं गार पाणी घाला आणि रात्रभर ठेवा, गुठळ्या विरतात. उलट क्रमाने केलंत तर गोळे होतात. पातळ थर फक्त पाठीवर, तोही छपाई आणि शिक्के टाळून, 10-15 मिनिटं. मऊ झालेली खळ बांबूच्या चपट्या पट्टीने हलकेच काढा. मैद्याची खळ, डिंक, सरस या तिघांना हा उपाय लागू पडतो. सेलोटेपचा पिवळा डाग किंवा रबरी गोंद असेल तर पाण्याने काहीच होणार नाही, ते कागदाच्या संवर्धकाचं काम.

शेवटी दोन टिपकागदांमध्ये, चित्राच्या बाजूला सिलिकॉनचा न चिकटणारा कागद ठेवून, वर साधारण एक किलो वजन. टिपकागद 20 मिनिटांनी बदला, पुन्हा दोन तासांनी, मग दिवसभर तसंच. उठावाच्या कार्डाला वजन नको, मोकळं वाळू द्या, थोडं बाक राहिलं तर राहू द्या.

---

मोहोर

टिपकागद, एवढं सगळं साध्या कार्डालाही? चकाकी नाही, सोनं नाही, शिक्का नाही अशी जाड पुठ्ठ्याची पुलँची कार्डं गार पाण्यावर पाठ टेकवून तरंगत ठेवली तर दहा मिनिटांत सुटतात. खळ मैद्याची असेल तर पाठ जास्त स्वच्छ निघते, लेपाने राहतो तसा चिकटपणा राहत नाही.

---

टिपकागद

अशा कार्डाला चालेल, पण तीन गोष्टी आधी तपासून. चित्राच्या एका कोपऱ्यावर ओलसर कापसाची काडी दहा सेकंद टेकवा. चिकट लागली किंवा कापसाला रंग आला तर थांबा. पाठीवरच्या प्रत्येक रंगाच्या शाईला तीच परीक्षा. आणि कडेने भिंगातून पुठ्ठ्याचे थर सुटलेले नाहीत ना ते बघा. शिवाय पुठ्ठ्यातला पिवळेपणा पाण्याबरोबर सरकून वाळताना कडेला तपकिरी रेघ उमटते. म्हणून तरंगत ठेवायचं तर संपूर्ण पाठ एकसारखी ओली झाली पाहिजे, अर्धवट नाही.

गेरँ-बुत्रोंच्या सोनेरी कार्डांना मात्र हा प्रयोग नकोच. या गठ्ठ्यातली चिकटलेली 12 त्याच कंपनीची आहेत.

---

कागदी_होडी

अतिशय आभारी आहे. आणखी दोन शंका. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अतिनील टॉर्चने सगळंच जांभळं दिसतं, झगमग ओळखायची कशी? आणि इथे स्टेशनरीत मिळणाऱ्या पारदर्शक पाकिटांवर काहीच लिहिलेलं नसतं, ती चालतील का?

---

शिळाछाप

स्वस्त टॉर्च 395 नॅनोमीटरची असते, तिचा बराचसा प्रकाश डोळ्यांना दिसणारा जांभळाच असतो. 365 नॅनोमीटरची, काळ्या गाळणीची घ्या. खोली पूर्ण अंधारी करा, आणि कार्डाच्या एका बाजूला झेरॉक्सचा पांढरा कागद, दुसऱ्या बाजूला 1940 च्या आधीचं एखादं पोस्टकार्ड किंवा पुस्तकाचं पान ठेवा. तिन्ही एकाच वेळी बघितलं की फरक उघड दिसतो. कार्डाची पाठ तपासा, पुढच्या बाजूला चकाकीचा थर स्वतःच मंद उजळतो आणि फसवतो. डोळ्यांत उजेड जाऊ देऊ नका.

---

पाठपोट

पाकिटांचं: पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नको. त्यातला मऊपणा आणणारा द्रव कालांतराने बाहेर येतो, कार्ड पाकिटाला चिकटतं आणि शाई उचलली जाते. ओळखायला तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, पाकिटाच्या तुकड्याला टेकवा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे खिडकीजवळ, चिमट्याने धरून करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालतं.

कोकणात पाकिटापेक्षा डबा महत्त्वाचा. हवेतला दमटपणा 65-70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशीला वाट मिळते, आणि तुमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो त्याच्या खाली क्वचितच येतो. रबरी गळाचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे). 10 लिटरच्या डब्याला 200 ग्रॅमपासून सुरुवात करा आणि काटा 45 ते 55 मध्ये राहील असं कमीजास्त करा. 35 च्या खाली गेला तर चकाकीच्या थराला तडे जातात आणि कार्डं पन्हाळीसारखी वळतात, म्हणून जास्त जेल म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही. जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास, पूर्ण गार झाल्यावरच परत डब्यात.

कार्डं डब्यात ठेवायची ती कोरड्या दिवशी. सादळलेली कार्डं बंद केली तर दमटपणा आतच कोंडतो. डब्यात रबरबँड किंवा काळा फोम नको, त्यातल्या गंधकाने सोनेरी पूड काळवंडते. डांबराच्या गोळ्याही नकोत. कसर लागू नये म्हणून घट्ट झाकण आणि महिन्यातून एकदा उघडून बघणं पुरेसं. फ्रेम करून भिंतीवर लावायची तर मूळ कार्ड लावू नका, रंगीत प्रत लावा, कारण गुलाबी आणि जांभळे रंग उन्हाने सगळ्यात आधी उडतात.

हिंदुस्थानच्या चित्रांसाठी शोधताना नुसतं ‘अँद’ (Inde, Indes) टाकू नका, निकालात इंडोनेशियाचीही कार्डं येतात. ‘अँद आँग्लेझ’ (Indes anglaises) म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान, ‘अँद फ्राँसेझ’ (Inde française) म्हणजे पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम, चंद्रनगर, आणि ‘अँद नेएर्लाँदेझ’ (Indes néerlandaises) म्हणजे डच ताब्यातली बेटं. वसाहतींच्या भूगोलाच्या क्रमांकित संचांत पाँडिचेरी बऱ्याचदा सापडतं. बाकी हत्तीवरची शिकार, गारुडी, नाचणाऱ्या बायका असले विषय. ती चित्रं पॅरिसमध्ये बसून, छापील चित्रांवरून काढलेली असत, त्यामुळे फेटा एका प्रांताचा आणि देऊळ दुसऱ्याच देशाचं असतं. त्या काळातल्या फ्रेंच मुलाला हिंदुस्थान कसा दाखवला गेला हे बघायला मात्र त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही.

या गठ्ठ्याबद्दल: विक्रेत्याला प्रत्येक कार्डाचे ‘रेक्तो-व्हेर्सो’, म्हणजे दोन्ही बाजूंचे फोटो मागा. चिकटलेल्या 12 कार्डांची पाठ दिसणारच नाही, तेव्हा ती पाठ खराब आहे असं धरून भाव करा. कोरी 10 वगळून उरलेली 30 देतो का विचारा. सुटं कार्ड एक-दोन युरोचं आणि फ्रान्सहून नोंदणीकृत टपाल त्याच्या कितीतरी पट, म्हणून त्याच विक्रेत्याकडचं आणखी काही घ्यायचं असेल तर एकाच पाकिटात मागवा. कार्डांच्या दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा, चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला, आणि बाहेर एक जलरोधक पिशवी, असं स्पष्ट लिहून कळवा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मागवू नका, पार्सल टपाल गोदामात भिजण्याची भीती असते.